निळ्या कापडाचा पुरावा

पुरावेसाहेबांना हे नाव ऑफिसात मिळालं आणि कसं कोण जाणे, ते त्यांच्या आधी घरी पोचलं. विमा कंपनीच्या दावे विभागात वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर बसून ते एकच शब्द उच्चारत आले होते. समोरचा माणूस प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून आलेला असो, नाहीतर जळालेल्या दुकानाची राख पिशवीत भरून आलेला असो, साहेब चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "पुरावा?" राख समोर असली तरी. "राख आहे हे मान्य. पण ती तुमच्याच दुकानाची कशावरून?" पहिल्या फेरीत त्यांच्या हातून एकही दावा मंजूर झालेला नव्हता. या गोष्टीचा अभिमान ते दाखवत नसत, पण लपवायलाही विसरत.

अशा माणसाच्या गॅलरीत मोहोळ बसलं तेव्हा मात्र त्यांनी पुरावा मागितला नाही. मागायला वेळच नव्हता. सकाळी बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीत गेली आणि तिथूनच शांतपणे म्हणाली, "अहो, डाव्या कोपऱ्यात हे काय लोंबतंय?"

साहेबांनी दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर डोकावलं. वरच्या स्लॅबच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, सुपाएवढं काहीतरी काळं-तपकिरी लटकत होतं आणि ते श्वास घेतल्यासारखं हलत होतं. बायकोचा हात त्याच्यापासून दोन हातांवर, हातात ओला टॉवेल, आणि ती तो झटकण्याच्या बेतात. साहेबांनी तिला मागून कमरेला धरून आत ओढलं. लग्नानंतर प्रथमच त्यांनी एवढी झेप घेतली असावी. बादली बाहेरच राहिली. ती पुढे आठवडाभर बाहेरच राहिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचकाला वाटेल की माणूस भित्रा आहे. तो भित्रा आहेच, पण इथे कारण होतं. कॉलेजात असताना एका सहलीत बायकोला एकच मधमाशी चावली होती. तासाभरात चेहरा ओळखू येईना, घसा बंद होत आला, आणि उरलेली सहल तिने दवाखान्यात नळ्या लावून काढली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "एकदा वाचलात. दुसऱ्यांदा नशिबावर सोडू नका." तेव्हापासून घरात मध येतो तोसुद्धा जरा दबकतच येतो.

"तू काही दिवस बहिणीकडे जा," साहेब दार लावून घेत म्हणाले.

"मी का जाऊ? घर माझं आहे. माश्या नंतर आल्यात, त्यांनी जावं."

हा मुद्दा कायद्याने बिनतोड होता. फक्त तो मधमाश्यांना कोण सांगणार एवढाच प्रश्न होता.

साहेबांनी फोन उचलला. अग्निशमन दलाने विचारलं, "आग लागली आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा आवाजच पडला. "मग वनखात्याला करा. प्राणी त्यांच्याकडे." वनखात्याने विचारलं, "वनात आहेत का?" गॅलरी वनात मोडत नाही असं ठरल्यावर त्यांनी पालिकेच्या उद्यान विभागाकडे बोट दाखवलं. उद्यान विभागातला माणूस खरंच चांगला होता. "झाडावर असत्या तर मी स्वतः आलो असतो हो," तो हळहळला, "पण स्लॅब म्हणजे बांधकाम विभाग." बांधकाम विभागाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि परवानगी न घेता केलेलं बांधकाम म्हणून अर्ज द्यायला सांगितलं.

"मग तुम्ही येऊन काढाल?"

"आधी नोटीस काढू. राहणाऱ्यांना बाजू मांडायची संधी द्यावी लागते."

तोवर इमारतीत बातमी पसरली होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिन्यातूनच म्हणाले, "धूर करा, धूर!" समोरच्या काकू म्हणाल्या, "लसूण बांधा." तळमजल्यावरून कुणीतरी नळीने पाण्याचा फवारा मारायचं सुचवलं आणि लगेच स्वतःची खिडकी लावून घेतली. सेक्रेटरी मात्र सल्ला देत बसणारा माणूस नव्हता. तो काम करणारा होता, आणि इमारतीला खरी भीती नेहमी त्याचीच वाटे. तो म्हणाला, "मी फवारणीवाला ठरवून टाकलाय. गच्चीवरून दोराने खाली उतरेल आणि पंप मारेल. खल्लास."

"माश्या चिडतील त्याचं काय?" साहेबांनी विचारलं.

"चिडू देत. जातील कुठेतरी."

कुठेतरी म्हणजे सगळ्यात जवळच्या खिडकीतून आत. आणि सगळ्यात जवळची खिडकी साहेबांची होती. तिच्यामागे बायको बसलेली होती.

साहेब तडक घरात परतले. त्यांनी कॉम्प्युटर लावला.

आता घरात आणखी एक व्यक्ती होती. साहेबांच्या सासूबाई. त्या कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या होत्या आणि गुडघ्यांमुळे काही महिने लेकीकडे राहायला आलेल्या होत्या. एखादा विद्यार्थी येऊन "ते लाल कव्हरचं पुस्तक द्या" म्हणाला की त्या म्हणत, "लाल कव्हर हा विषय नाही. विषय सांग." जावयाच्या बाबतीत त्यांनी हा आवाज आजवर राखून ठेवला होता. त्या खुर्ची ओढून मागे येऊन बसल्या.

साहेबांनी दोन बोटांनी टाइप केलं: *आमच्या गॅलरीत मोहोळ लागले असून माझ्या पत्नीस मधमाशीचे विष सोसत नसल्याने सदर मधमाश्या फवारणी न करता त्वरित घालविण्यासाठी काय करावे, कृपया मार्गदर्शन व्हावे.*

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तो काही तुमचा वरिष्ठ नाही. अर्ज कशाला करताय?"

"सगळी पार्श्वभूमी दिली की उत्तर नेमकं येतं, आई."

उत्तरं एकोणीस लाख आली. एकोणीस लाख लोकांना मधमाश्यांबद्दल काही ना काही म्हणायचं होतं आणि त्यांतला एकही गॅलरीत यायला तयार नव्हता. पण साहेबांना एकोणीस लाख वाचायची गरजच पडली नाही. अगदी वर, ठळक अक्षरांत, हवं तेच होतं: *गॅलरीत निळं कापड टांगलं की मधमाश्या आपण होऊन निघून जातात…*

ओळीच्या शेवटी तीन टिंबं होती. ऑफिसात एखाद्याच्या जबाबाच्या शेवटी तीन टिंबं आली असती तर साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून घेतलं असतं. पण खिडकीच्या काचेपलीकडे ते सूप हलत होतं, आणि माणूस घाबरला की त्याला पहिलं दार हेच बाहेरचं दार वाटतं.

"ते पान उघडून तर बघा," सासूबाई म्हणाल्या.

"मुद्दा वरच दिलाय ना, आई. पान कशाला उघडायचं?"

ज्या बाईने जन्मभर लोकांना पुस्तकाचं पान उघडायला लावलं, तिला हा प्रश्न जिव्हारी लागला असणार. सासूबाई उठून आत गेल्या आणि आतून कपाट जरा जोरात लावल्याचा आवाज आला.

साहेबांनी इमारतीच्या ग्रुपवर संदेश टाकला. सरकारी भाषेत लिहिलं की लोक कमी भांडतात असा त्यांचा अनुभव होता: *संशोधनाअंती असे आढळून आले आहे की निळे कापड टांगल्यास मधमाश्या आपण होऊन निघून जातात. कापड गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यापासून टांगण्यास सुरुवात करावी. फवारणी करू नये.* डावा कोपरा त्यांनी स्वतःच्या मनाने घातला, कारण मोहोळ तिथे होतं, आणि सूचना नेमकी असली की तिला वजन येतं.

'संशोधनाअंती' या शब्दाने चमत्कार केला. सेक्रेटरीने फवारणी रविवारपर्यंत पुढे ढकलली. हेडमास्तरांनी तो संदेश, वर 'तज्ज्ञांचे मत' अशी पट्टी लावून, आपल्या आजवरच्या सगळ्या तुकड्यांच्या विद्यार्थ्यांना पाठवून दिला. आणि संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत निळी झाली. चादरी, पडदे, रेनकोट, शाळेचे गणवेश, एकाच्या मोटारीचं आच्छादन. सेक्रेटरीने नोटीसबोर्डाचं निळं मखमली कापड उचकटून आपल्या गॅलरीला ठोकलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इमारत आता शिडं उभारून कुठेतरी निघणार आहे.

दुसऱ्या दिवशी माश्या कमी झाल्यासारख्या साहेबांना वाटल्या. तिसऱ्या दिवशी त्या कमी झाल्यासारख्या वाटत नाहीत असं बायको म्हणाली. त्यानंतर कुणाला काही वाटायचा प्रश्न उरला नाही. माश्या मोजदादीच्या पलीकडे गेल्या होत्या. पूर्वी त्या कोपऱ्यात लटकत. आता त्या चादरीचादरींवर हिंडत होत्या, काठांवर रांगेने बसत होत्या, रेनकोटाच्या खिशात जाऊन बघत होत्या. समोरच्या काकूंनी टांगलेल्या गणवेशांवर तर त्यांनी शाळाच भरवली होती.

"जाण्यापूर्वी त्या सगळ्या गोळा होतात," साहेब म्हणाले.

"हे संशोधन कधी केलंत?" बायकोने विचारलं.

आणि शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, एक माशी आत आली.

कुठून आली हे पुढे कळलं. झोपण्याच्या खोलीतल्या खिडकीला एक निळा पडदा होता आणि खिडकीच्या एका फटीवर कागद चिकटवायचा राहून गेला होता. बायको पलंगावर मासिक वाचत होती. साहेब दारात आले तेव्हा माशी चादरीवर उतरली होती. चादरीवर निळी फुलं होती. माशी एका फुलावरून दुसऱ्या फुलावर चालत, सावकाश, घाई नसल्यासारखी, बायकोच्या हाताकडे निघाली होती.

"हलू नकोस," साहेब म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

"हलत नाहीये," बायको ओठ न हलवता म्हणाली.

मध्ये तीन फुलं उरली. मग दोन. साहेबांना एकाएकी आठवलं की टेलिफोनजवळ दवाखान्याचा नंबर लिहून ठेवायचा होता आणि तो ठेवलेला नाही. त्यांनी पाऊल उचललं, तर चप्पल करकरली आणि माशी थांबली. बायकोच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला आणि खाली येऊ लागला. साहेबांना त्या थेंबाचीसुद्धा भीती वाटली.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. हातात स्टीलचा पेला होता. सासूबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे जिना चढता येत नसे, मांजरीसारख्या पुढे झाल्या, पेला उपडा ठेवला, खालून एक पुठ्ठा सरकवला आणि सगळा संच उचलून बाथरूमच्या खिडकीतून बाहेर सोडून आल्या. सगळं इतकं शांतपणे, जणू ग्रंथालयात कुणी मोठ्याने खोकलंही नव्हतं.

मग बायको रडली नाही, ओरडली नाही. तिने एकच गोष्ट विचारली. "तुम्ही सगळ्या जगाकडे पुरावा मागता. माझ्या वेळी तेवढा एकदा मागितला असता तर?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं: पुरावा आणून दाखवणं. माणसाचा मान दुखावला की तो आपली चूक शोधत नाही, आपल्या बाजूचे साक्षीदार शोधतो. साहेबांनी ऑफिसात जाऊन टाइप केलं: *निळ्या कापडाने मधमाश्या जातात याचे पुरावे.*

आणि पुरावे मिळाले! एक नाही, दोन नाही, अकरा वेगवेगळ्या संकेतस्थळांवर. एक आरोग्याचं, एक गृहसजावटीचं, एक तर चक्क भविष्य सांगणारं होतं. सगळीकडे तेच: तज्ज्ञांच्या मते निळं कापड. साहेबांनी अकराही पानं छापून घेतली, टाचणी लावली आणि संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंपुढे ठेवली. चेहऱ्यावर भाव असा की, बोला आता.

सासूबाईंनी पेन्सिल मागितली. पहिलं पान वाचलं, एका ओळीखाली रेघ मारली. दुसरं वाचलं, रेघ मारली. तिसरं. पाचव्या पानाला साहेब वाकून बघू लागले, कारण रेघ सगळीकडे एकाच ओळीखाली पडत होती. *कापड गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यापासून टांगण्यास सुरुवात करावी.*

"जावईबापू, मधमाश्यांना डावं-उजवं कळतं का?"

"नसावं."

"मग अकरा तज्ज्ञांनी एकाच वेळी डावाच कोपरा का सांगितला?" त्यांनी चष्मा खाली घेतला. "ही अकरा माणसं नव्हेत. एकच माणूस आहे आणि तो अकरा टोप्या घालून बसलाय. आणि त्याचं मोहोळ डाव्या कोपऱ्यात आहे."

साहेब खुर्चीत बसले. एखादा दावेदार आपल्याच अकरा नातेवाइकांना साक्षीला आणतो आणि सगळे एकच वाक्य पाठ म्हणून दाखवतात, तेव्हा साहेब त्यांना चहासुद्धा विचारत नसत. आज दावेदारही तेच होते, नातेवाईकही तेच, आणि चहाची इच्छा होत होती तीही त्यांनाच.

"पण मूळ मी लिहिलं नव्हतं, आई. मी ते वाचलं होतं."

"मग ते पान आता तरी उघडा."

ते पान त्या अकराच्या गर्दीत खाली ढकललं गेलं होतं. शेवटी सापडलं. साहेबांनी ते उघडलं आणि तीन टिंबांच्या पलीकडे पहिल्यांदा पाऊल टाकलं. *गॅलरीत निळं कापड टांगलं की मधमाश्या आपण होऊन निघून जातात असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात निळा रंग मधमाश्यांना चांगला दिसतो आणि त्या त्याकडे ओढल्या जातात. कृपया असे काही करू नये.*



"सरका," सासूबाई म्हणाल्या. साहेब सरकले. "तुम्ही आपला प्रश्न टाकता आणि तोही रडत रडत. प्रश्न टाकला की तुमच्यासारखेच प्रश्नवाले भेटतात. ज्याला उत्तर माहीत आहे तो कोणत्या शब्दांत लिहील? ते शब्द टाका. त्याच्या कागदावर 'कृपया मार्गदर्शन व्हावे' असेल का?"

"नसेल."

"तो मोहोळ 'घालवणं' म्हणेल का?"

साहेबांनी विचार केला. विम्यात कुणी 'अपघात झाला' लिहीत नाही, 'नुकसानीचं कारण' लिहितात. "तो म्हणेल… हलवणं. स्थलांतर. मधमाशीपालन."

"टाका. आणि तुम्हाला जे खरं वाटतं त्याच्या विरुद्ध काय लिहिलंय, तेही शोधा. एखादं वाक्य फार गोड वाटलं तर ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे ते कुणी कुणाचं उचललंय ते कळेल. आणि कोण लिहितोय, कधी लिहिलंय, हे बघितल्याशिवाय काही खरं मानू नका. एवढं तर तुम्हीच लोकांना सांगता ना रोज?"

बोलण्यात टोमणा होता, पण सूर मायेचा होता. एकोणीस लाखांच्या जागी आता मोजकीच पानं आली. त्यांतलं एक जवळच्याच कृषी महाविद्यालयाच्या मधमाशीपालन विभागाचं होतं, खाली माणसाचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर. फोन एका बाईंनी उचलला. मोहोळ कुठे, केवढं, किती दिवसांचं, एवढंच त्यांनी विचारलं आणि म्हणाल्या, "रविवारी दुपार कलली की येते. तोवर ते निळं सगळं हळूच काढा. आणि कुणालाही फवारू देऊ नका. घरात कुणाला विष बाधतं म्हणालात ना? मग मुळीच नाही."

रविवारी सकाळी जिन्याखाली सभा भरली. सेक्रेटरीने विषय मांडला: रविवार आला, माश्या गेल्या नाहीत. साहेबांनी घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःविरुद्ध निकाल द्यायला उभे होते.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "निळ्या कापडाने माश्या जात नाहीत, येतात. सगळ्यांनी कापडं काढावीत. दुपारनंतर त्यातल्या जाणकार बाई येणार आहेत."

मग हेडमास्तर प्रेमाने हसले. "साहेब, विनय तुम्हाला शोभतो. पण मी स्वतः तपासलंय. अकरा ठिकाणी छापून आलंय."

"ते मीच आहे."

"अकराही?"

"अकराही."

"म्हणजे अकरा वेळा म्हणालात ते खोटं आणि आज एकदाच म्हणताय ते खरं?" हेडमास्तरांनी सभेकडे बघितलं. वर्गाकडे बघतात तसं. सभेने मान डोलावली. "याला काही पुरावा?"

हा शब्द आपल्या अंगावर आला की कसा लागतो, हे साहेबांना त्या क्षणी कळलं. त्यांनी मूळ पान पुढे केलं. सेक्रेटरीने ते बघितलं. "हे एकच आहे हो," तो म्हणाला. "तिकडे अकरा आहेत." मग त्याने कुणाचंच मन न दुखवणारा तोडगा काढला. "असं करू, कापडंही राहू देत आणि फवारणीही होऊ दे. तसाही तो कधीचा वर गेलाय."

"कोण वर गेलाय?"

"फवारणीवाला. गच्चीवर."

साहेब धावले. जिना चढताना त्यांना एवढंच दिसत होतं: चादरीवरची निळी फुलं, आणि मधलं अंतर कमी होत जाणारं. आपल्या मजल्यावरून जाताना ते दारावर थाप मारून ओरडले, "खिडक्या! सगळ्या खिडक्या!" आतून सासूबाईंचा आवाज आला, "लावल्यात! तुम्ही वर जा!"

गच्चीवर तो माणूस कठड्यावर बसला होता. पाठीला पंप, तोंडाला फडकं, कमरेला दोर, आणि एक पाय कठड्यापलीकडे. खाली, त्याच्या पायांच्या रेषेत, मोहोळ. पंपाच्या दांड्यावर हात पडलाच होता.

ओरडलं तर तो दचकेल. झोंबलं तर दोघंही खाली जातील. साहेब थांबले, दम खाल्ला, आणि त्यांना जी एकच गोष्ट येत होती ती त्यांनी केली.

"दोर कशाला बांधलाय?"

"टाकीच्या पाइपाला."

"पाइप कुणी तपासला?"

"कुणी नाही. मजबूत दिसतोय."

"दिसतोय," साहेबांनी मान हलवली. "विमा आहे?"

"कुणाचा?"

"तुमचा. मी विमा कंपनीत दावे तपासतो." ते कठड्यापासून जरा लांब, टाकीच्या कट्ट्यावर बसले. ऑफिसात बसतात तसे. "तुम्ही पंप माराल. माश्या वर येतील, कारण त्यांनाही गच्ची ठाऊक आहे. तुम्ही हात झटकाल. मग तुमच्या घरचे माझ्यासमोर येऊन बसतील. मी विचारीन, माशी चावली म्हणून पडले, की पाय घसरला म्हणून? बघितलं कुणी? पाइप तपासल्याचा कागद कुठे आहे? ते म्हणतील, कागद नाही. मी म्हणेन, नामंजूर." त्यांनी उसासा टाकला. "मी करतोच. मला कुणाचं काही वाटत नाही."

फवारणीवाल्याने खाली बघितलं, मग पाइपाकडे, मग साहेबांकडे. पलीकडचा पाय हळूच अलीकडे आला.

"साहेब, तुम्ही फार वाईट माणूस आहात," तो पंप उतरवत म्हणाला.

"असं पुष्कळजण म्हणतात," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पंप त्याच्या हातून काढून घेतला.

दुपार कलल्यावर बाई आल्या. पांढरे कपडे, जाळीची टोपी, दोन लाकडी पेट्या आणि कुणाशीही गप्पा न मारण्याचा निश्चय. इमारत बंद खिडक्यांमागून बघत राहिली. त्या शिडीवर चढल्या आणि सगळं मोहोळ, जणू झोपलेलं मूल उचलावं तसं, पेटीत घेतलं. खाली आल्यावर त्यांनी टोपी काढली, वर सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "एवढं निळं कुणी लावलंय?"

खिडक्याखिडक्यांतून बोटं एकाच दिशेला आली.

"मी," साहेब म्हणाले.

"कमाल आहे. त्यांना पाहुणचाराला बोलावलंत, आणि मग म्हणताय निघा."

"त्या परत येणार नाहीत कशावरून?" सवयीने साहेबांच्या तोंडून गेलंच.

बाई हसल्या. "कशावरूनच नाही. कोपरा घासून धुवा आणि लक्ष ठेवा."

खात्री न देणाऱ्या माणसावर विश्वास बसण्याची साहेबांची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गॅलरीत गेली. बादली तशीच होती, कपडे वाळून कडक झाले होते. ती ते पुन्हा धुऊन वाळत घालू लागली आणि साहेब तिच्या बाजूला स्टीलचा पेला आणि पुठ्ठा घेऊन उभे राहिले.

"हे काय?"

"पुरावा मिळेपर्यंत," साहेब म्हणाले.

तिने त्यांच्याकडे न बघता त्यांच्या हातात चिमटे ठेवले. ते त्यांनी धरले.

साहेबांनी अकराही संकेतस्थळांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. एकाने 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' असं कळवलं. दहांनी तेही नाही. पंधरवड्याने सासूबाईंनी मोजलं तेव्हा अकराचे सव्वीस झाले होते.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, ऑफिसात एक फाइल आली. दूरच्या शहरातला कुणी शाळेतला कारकून. गॅलरीत निळं कापड टांगताना स्टुलावरून पडला, मनगट मोडलं. त्याने स्वतःच्या हाताने सगळं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: मोहोळ उजव्या कोपऱ्यात होतं, पण तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार त्याने सुरुवात डाव्या कोपऱ्यापासून केली, आणि डाव्या कोपऱ्यात फरशी ओली होती. सोबत छापलेलं पान जोडलं होतं.

साहेबांनी ते पान शेवटपर्यंत वाचलं.

"नेहमीप्रमाणे पुरावा मागवू ना?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं.

"नको."

सहकाऱ्याने पेन खाली ठेवलं. ऑफिसात हळूहळू दोन-तीन माना वर झाल्या. "पहिल्याच फेरीत मंजूर? अहो, निदान तो सल्ला देणारा तज्ज्ञ कोण, एवढं तरी विचारायला हवं."

साहेबांनी मंजुरीचा शिक्का शोधला. तो ड्रॉवरच्या अगदी तळाशी होता आणि त्याची शाई वाळून गेली होती. त्यांनी त्याच्यावर दोनदा फुंकर मारली, पॅडवर नीट दाबला.

"त्याला मी ओळखतो," ते म्हणाले. "तो तज्ज्ञ नाही."

आणि शिक्का मारला.